फॉर्म गेलेला फलंदाज: ठेवायचा की वगळायचा, हे कसं ठरवावं

निवडीच्या बैठकीत "त्याचा फॉर्म गेलाय" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, म्हणजे नक्की काय गेलंय? एकाच्या डोक्यात शेवटचे तीन आकडे असतात. दुसऱ्याला गेल्या सामन्यातला तो हवेत मारलेला फटका आठवत असतो. तिसऱ्याला मुळात तो फलंदाजच आवडत नसतो आणि आज आयतं निमित्त सापडलेलं असतं. मी क्लबची स्कोअरर. पूर्वी बैठकीत फक्त वही पुढे करायची, आता मतही देते. माझं मत पुष्कळदा बाकीच्यांच्या गळी उतरत नाही, कारण मी ते धावांच्या रकान्यावरून देत नाही. क्लबच्या, कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या संघाची निवड ज्यांच्या गळ्यात पडली आहे आणि एका चांगल्या फलंदाजाचं काय करावं हे ज्यांना कळेनासं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. टीव्हीसमोर बसून खेळाडूंना घरी पाठवणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी थोडं गणित

समजा तुमच्या फलंदाजाची सरासरी ४० आहे. म्हणजे तो दर वेळी ४० करतो असं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बैठकीत सगळे विसरतात. प्रत्येक धावेला बाद व्हायची शक्यता सारखीच धरली, तर असा फलंदाज शंभरातल्या साधारण ३९ डावांत विशीच्या आत बाद होतो. प्रत्यक्षात हे प्रमाण जरा जास्तच, कारण सुरुवातीचे चेंडू सगळ्यांनाच जड जातात. आता सलग चार डाव विशीच्या आत जायची शक्यता काढा. शंभरात दोन-अडीच येते. ऐकायला कमी वाटते, पण माणूस शंभर डाव खेळला की असा पट्टा बहुधा एकदा तरी येतोच. त्यात त्याचं काहीही बिघडलेलं नसतं.

ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनने कसोटीत ८० डाव खेळले आणि त्यात ७ वेळा भोपळा मिळवला. सरासरी ९९.९४ असलेल्या माणसाची ही गोष्ट. १९२८ साली ब्रिस्बेनच्या पहिल्याच कसोटीत १८ आणि १ अशा धावा झाल्यावर त्याला पुढच्या कसोटीतून वगळलंही होतं. तिसऱ्या कसोटीत परत घेतलं, तेव्हा मेलबर्नला त्याने ७९ आणि ११२ केल्या. त्या वेळच्या निवड समितीला हसण्यात अर्थ नाही, तेव्हा त्यांच्यापुढे दोनच डाव होते. पण दोन डावांवरून काही कळत नाही, एवढं तरी आपण त्यातून घ्यावं.

म्हणून पहिलं काम: डाव मोजू नका, चेंडू मोजा. मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तिन्ही एकदिवसीय सामन्यांत सूर्यकुमार यादव पहिल्याच चेंडूवर बाद झाला. तीन सामने, तीन शून्यं, दिवसभर चॅनेलवर चर्चा. प्रत्यक्षात तो तीन चेंडू खेळला होता. रोहित शर्माने तेव्हा नेमकं हेच सांगितलं होतं. तीन चेंडूंवरून फलंदाजाचा फॉर्म ठरवणं म्हणजे तीन मिनिटं ऐकून गवयाला नापास करणं. त्याला एकदिवसीय संघात ठेवावं की नाही यावर वाद घालता येईल, मीही घातलाय, पण त्या तीन शून्यांचा आधार घेऊन नाही.

एका फलंदाजाला एक पान

आता वहीकडे येऊ. फलंदाजाचे शेवटचे दहा-बारा डाव एका पानावर उतरवून काढा. धावा लिहाच, पण त्यापुढे किती चेंडू खेळला, कसा बाद झाला, गोलंदाज कोणत्या प्रकारचा होता, चेंडू कुठे पडला आणि त्या वेळी सामना कुठे होता, हे सगळं लिहा. ऑनलाइन स्कोअरिंगच्या ॲपमध्ये पहिल्या तीन गोष्टी मिळतात. उरलेल्या मिळत नाहीत, आणि खरा माल त्यातच असतो.

मी स्कोअर लिहिताना निर्धाव चेंडूच्या टिंबाला एक खूण जोडते. फलंदाज बीट झाला, म्हणजे चेंडू बॅटला चकवून गेला, तर टिंबाखाली आडवी रेघ. कड लागून चेंडू वाचला तर टिंबाभोवती गोल. धाव निघाली पण फटका जिकडे मारायचा होता तिकडे न जाता भलतीकडेच गेला, तर आकड्यालाही गोल. सोपं आहे, दोन-तीन सामन्यांत हात बसतो. डाव संपल्यावर पानाकडे नुसतं बघितलं तरी कळतं. ज्या ४० धावांत दहा गोल आहेत त्या ४० धावा कौतुकाच्या नाहीत, आणि रेघ-गोल नसलेल्या ११ धावा काळजीच्या नाहीत.

मागे एका मोसमात आमच्याकडे दोघे जण एकदमच अडचणीत आले. तिसऱ्या क्रमांकावरच्याचे सहा डाव होते ४, ११, ०, ७, २३, २. सलामीवीराचे ९, ०, १४, ३, १९, २. बेरीज करून बघा, दोघांच्या ४७. बैठकीत दोघांनाही नारळ द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली.

तिसऱ्या क्रमांकावरच्याच्या पानावर एकदा जोडीदाराच्या चुकीच्या हाकेवर धावचीत, एकदा लेगला जाणाऱ्या चेंडूला हलका स्पर्श होऊन यष्टीमागे झेल, एकदा पहिलाच चेंडू घोट्याच्या खाली राहून पायचीत, एकदा पॉइंटला असा झेल की प्रतिस्पर्ध्यांनीच त्यावर विश्वास ठेवला नाही. उरलेल्या दोन वेळा शेवटच्या षटकांत धावगती वाढवताना सीमारेषेवर. सहा वेळा बाद, आणि या शेवटच्या दोन सोडल्या तर एकही प्रकार दुसऱ्यासारखा नाही. गोल दोन-तीन, रेघा मोजक्या.

सलामीवीराचं पान वाचायला चष्मा लागला नसता. सहापैकी चार वेळा आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत किंवा त्रिफळा, आणि चारही वेळा गोलंदाज उजवा, मध्यमगती. पुढचा पाय ऑफ स्टंपच्या रेषेत आडवा पडत होता, डोकं त्याच्यामागे कललेलं, आणि बॅटला पायाला वळसा घालून यावं लागत होतं. ते चौथ्यांदा झालं तोवर समोरच्या संघांनाही कळलं होतं. फाइन लेग आणि मिडविकेट लावून ते सरळ स्टंपवर टाकत बसायचे.

पहिल्याला ठेवलं, सलामीवीराला क्लबच्या दुसऱ्या संघात पाठवलं. पुढच्या सामन्यात पहिल्याने ८ केल्या आणि समितीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पान उलटून दाखवलं: २१ चेंडू, रेघ एकही नाही, बाद झाला तो मिडऑनने उडी मारून घेतलेल्या झेलावर. एका डावाने निर्णय खरा ठरत नाही तसा खोटाही ठरत नाही.

तेच तेच बाद होणं

धावा आटल्या यापेक्षा तो एकाच रीतीने बाद होतोय का, हा प्रश्न मोठा. त्याला जोडून लगेच दुसरा: त्यावर तो काही करतोय का?

विराट कोहलीचा २०१४ चा इंग्लंड दौरा बघा. १० डाव, १३४ धावा, चार वेळा वेगवान गोलंदाज अँडरसनने घेतला, ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर यष्टीमागे किंवा स्लिपमध्ये. आकडे बघून काढायचा तर तेव्हाच काढायचा. पण त्याने स्टान्स (उभं राहायची पद्धत) बदलला, पुढे येऊन खेळायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षाअखेर सुरू झालेल्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ४ शतकं ठोकली. २०१८ ला परत इंग्लंडला गेला तेव्हा ५९३ धावा. दोष सापडला होता आणि त्यावर काम झालं होतं.

२०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पर्थला नाबाद १०० केल्या, पण मालिकेत एकूण १९०. बाद झाला आठ वेळा, आठही वेळा ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर, यष्टीमागे नाहीतर स्लिपच्या पट्ट्यात झेल देऊन. त्यात चार वेळा वेगवान गोलंदाज बोलंड. सहाव्या आणि सातव्या वेळीही हात तसाच चेंडूकडे जात होता. १३४ आणि १९० मध्ये १९० मोठे दिसतात, माझ्या वहीत मात्र दुसरं पान जास्त वाईट आहे. त्या दौऱ्यानंतर, मे २०२५ मध्ये तो कसोटीतून निवृत्त झाला. समितीला प्रश्न सोडवावाच लागला नाही.

दोष ओळखून त्यावर काम करणं म्हणजे काय, याचं सर्वांत उघड उदाहरण सचिनचं. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनीआधीचे त्याचे डाव ०, १, ३७, ०, ४४. सिडनीला त्याने ठरवलं की कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही. ऑफ स्टंपबाहेर टाकत राहिले, हा सोडत राहिला. ४३६ चेंडूंत नाबाद २४१, ३३ चौकार, त्यातले बहुतेक सरळ किंवा लेगला. लोक त्या खेळीतला संयम सांगतात. मला त्यातला हिशेब आवडतो: कोणत्या फटक्यावर आपण बाद होतोय ते कळलं, तो फटका बंद.

म्हणून तुमच्या फलंदाजाला नेट्समध्ये बघा, तेही त्याला न सांगता. फॉर्म गेलेला माणूस नेट्समध्ये दोनपैकी एक काहीतरी करतो. काही जण ओळखीच्या मुलाला थ्रोडाऊन द्यायला (जवळून हाताने चेंडू फेकायला) लावतात, सगळे मारायला सोपे हाफ व्हॉली, अर्धा तास कडाकड मारतात आणि "आज मस्त लागतोय चेंडू" म्हणत पॅड सोडतात. काही जण ज्या चेंडूवर बाद होतात तोच चेंडू मागतात, वीसदा बीट होतात, चिडतात, आणि परत मागतात. दुसरा दिसला तर त्याला आणखी वेळ द्या, धावा होवोत न होवोत. पहिला दिसला तर मी वाट बघत नाही.

एक छोटी गोष्ट. दहाच्या आत बाद होणं आणि तिशीत बाद होणं हे वेगळे आजार आहेत. तिशीत बाद होणाऱ्याचा डोळा आणि पाय ठीक चाललेले असतात. एकाग्रता किंवा दमसास कमी पडतो किंवा फिरकी आल्यावर अडतो. त्याला संघाबाहेर काढून काहीच साधत नाही. तिथे एक-दोन क्रमांक वर-खाली करून बघा.

त्याच्या जागी कोण?

इथे बैठका सर्वांत जास्त घसरतात. काढायचं ठरतं आधी, आणि कोणाला घ्यायचं ते नंतर. "कुणीही चालेल, पण हा नको" हे चिडलेल्या प्रेक्षकाला शोभतं, निवड समितीला नाही.

नवा माणूस त्याच क्रमांकाचा आहे का, हे आधी विचारा. सलामीवीराच्या जागी सहाव्या क्रमांकाचा फटकेबाज आणलात तर आणखी काही आठवड्यांनी तोही फॉर्म गेलेल्यांच्या यादीत येईल. करुण नायरचं बघा. डिसेंबर २०१६ ला चेन्नईत नाबाद ३०३, आणि पुढच्याच कसोटीत बाहेर, कारण अजिंक्य रहाणे दुखापतीतून परतला होता. त्यात मला अन्याय दिसत नाही. जागा रहाणेची होती, ती त्याने धावा न झाल्याने गमावली नव्हती. खटकतं ते २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यातलं. आठ वर्षांनी, देशांतर्गत धावांचा ढीग रचून तो परत आला, आणि लीड्सला सहावा, बर्मिंगहॅमला आणि लॉर्ड्सला तिसरा, मँचेस्टरला बाहेर, ओव्हलला पाचवा. आठ डावांत २०५ धावा. आता या पानावरून काय ठरवायचं? फलंदाज कमी पडला असेलही. पण जागा रोज हलत असेल तर पान वाचताच येत नाही.

दुसरं, नव्या माणसाला किती डाव द्यायचे हे त्याला घेण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केएल राहुलचे ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०, १७, १ असे डाव झाले. कारकिर्दीची सरासरी ३३ च्या आसपास होती, म्हणजे तो काही दोन कसोटींचा प्रश्न नव्हता. त्याच्या जागी शुभमन गिल आला. इंदूरला गिलच्या धावा २१ आणि ५. या दोन डावांवर कुणी राहुलला परत बोलावलं असतं तर अहमदाबादचं १२८ झालंच नसतं. आणि राहुल? तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेंच्युरियनला मधल्या फळीत खेळला आणि शतक केलं, २०२५ ला इंग्लंडमध्ये सलामीला ५३२ धावा. वगळणं म्हणजे कारकीर्द संपवणं नव्हे, हे राहुलच्या पानावर दिसतं.

तिसरं, बदल केल्यावर संघ जिंकला तर लगेच स्वतःची पाठ थोपटू नका. ऑक्टोबर २०२४ ला मुलतानमध्ये इंग्लंडने ७ बाद ८२३ केल्यावर पाकिस्तानने बाबर आझमला वगळलं. डिसेंबर २०२२ पासून त्याचं कसोटीत अर्धशतकही नव्हतं. जागी आलेल्या कामरान गुलामने पदार्पणातच ११८ केल्या, पाकिस्तानने तो सामना आणि मग मालिकाही जिंकली. गुलामचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण त्या कसोटीतले वीसच्या वीस बळी साजिद खान आणि नोमान अली या दोन फिरकीपटूंनी घेतले, तेही आधीच्या कसोटीत वापरलेल्या खेळपट्टीवर. बाबर बाहेर गेला म्हणून पाकिस्तान जिंकलं असं जो सांगतो त्याने गोलंदाजीचं पान उघडलेलंच नाही.

मोठं नाव आणि कर्णधार

ज्येष्ठ खेळाडूला जास्त वेळ द्यावा का? द्यावा. पूर्वी केलेल्या धावा ही माहितीच असते. ज्याने दहा वर्षं ४५ च्या सरासरीने धावा केल्या त्याचे सहा वाईट डाव आणि ज्याने एकच मोसम खेळलाय त्याचे सहा वाईट डाव सारखे नाहीत. पण तो वेळ किती, हे आधी सांगून टाका: "अमुक सामन्यापर्यंत." मोकळी मुदत दिली की मग दर आठवड्याला तोच तमाशा.

मार्क टेलरचं प्रकरण या बाबतीत माझं आवडतं. १९९७ ला तो ऑस्ट्रेलियाचा कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला तेव्हा वीसच्या वर डाव अर्धशतकाविना चालले होते. एका ब्रिटिश वृत्तपत्राने त्याला भलीमोठी रुंद बॅट भेट द्यायचा घाट घातला. डर्बीशायर या कौंटी संघाविरुद्ध डीन जोन्सने स्लिपमध्ये त्याचा सोपा झेल सोडला आणि त्याचे ६३ झाले. मग एजबॅस्टनला पहिल्या डावात ऑस्ट्रेलिया ११८ मध्ये गुंडाळली गेली, त्यात टेलरचे ७. दुसऱ्या डावात त्याने १२९ केल्या. लोक ही गोष्ट "विश्वास ठेवला की फळ मिळतं" म्हणून सांगतात. ती कसोटी इंग्लंडने ९ गडी राखून जिंकली, हे सांगत नाहीत. टेलर टिकला तो त्याच्या कर्णधारपदामुळे, आणि कर्णधार म्हणून तो तेवढा मोलाचा होता. ॲशेस, म्हणजे इंग्लंडविरुद्धची ती मालिका, त्यांनी ३-२ ने जिंकली, पुढच्या वर्षी पेशावरला त्याने नाबाद ३३४ केल्या. पण जोन्सने तो झेल घेतला असता तर? एका गोष्टीवरून नियम बनवू नये, एवढंच म्हणते.

कर्णधाराचा फॉर्म गेला असेल तर निर्णय त्याच्यावर सोपवू नका. जानेवारी २०२५ ला सिडनीत रोहित शर्मा स्वतः बाहेर बसला. त्या मालिकेत पाच डावांत ३१ धावा झाल्या होत्या. त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण माणसाला स्वतःचंच नाव खोडायला लावणं हे मला समितीचं काम चुकवणं वाटतं. त्याच्याशी बोला, त्याचं ऐका, आणि निकाल तुम्ही द्या.

आणि एक प्रकार असतो जिथे अपयश गृहीतच धरलेलं असतं. इंग्लंडने झॅक क्रॉलीला वर्षानुवर्षं सलामीला खेळवलं, सरासरी तिशीच्या आसपास असूनही. तेव्हाचा प्रशिक्षक ब्रेंडन मॅक्युलमने उघड सांगितलं होतं की सातत्य हे त्याचं कामच नाही, लागला तर तो सामना काढून देतो. २०२३ च्या ॲशेसमध्ये मँचेस्टरला त्याने १८९ केल्या, मालिकेत ४८०. असा खेळाडू घ्यायचा की नाही यावर हवं तेवढं भांडा, पण एकदा घेतला की चार वेळा पाचवर बाद झाला म्हणून ओरडू नका. ट्वेंटी-ट्वेंटीतल्या फटकेबाजांनाही हेच लागू. तिथे दहा चेंडूंचं काम दिलेलं असतं, त्यामुळे पान भरायला दुप्पट-तिप्पट सामने लागतात.

वगळून पाठवायचं कुठे?

फलंदाजाला संघातून काढून बाकावर बसवलं, की त्याच्यापुढे फक्त नेट्स उरतात. नेट्समध्ये बाद झालं तरी पुढचा चेंडू मिळतो, त्यामुळे तिथे फॉर्म परत येत नाही. त्याला सामने हवेत. क्लब असेल तर दुसरा संघ, नाहीतर शेजारच्या लीगमध्ये पाहुणा म्हणून. ती सोय नसेल तर मी वगळायच्या विरुद्ध मत देते.

चेतेश्वर पुजाराला २०२२ च्या सुरुवातीला श्रीलंकेविरुद्ध वगळलं. तो इंग्लंडमधल्या ससेक्स कौंटीकडून खेळायला गेला, मोसमात हजारावर धावा केल्या, त्यात द्विशतकं, आणि जुलैत बर्मिंगहॅमला परत भारताकडून खेळला. दुसऱ्या डावात ६६. सेहवागला २००७ मध्ये वर्षभर कसोटीबाहेर ठेवलं, परतल्यावर ॲडलेडला १५१ आणि दोन महिन्यांनी चेन्नईत ३१९. दोघंही बाहेर असताना खेळत होते.

मोहिंदर अमरनाथचं पान तर कुणालाच नीट वाचता येणार नाही असं आहे. १९८३ च्या सुरुवातीला वेस्ट इंडीजमध्ये त्यांच्या वेगवान गोलंदाजांसमोर ५ कसोटींत ५९८ धावा. जूनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यात सामनावीर. त्याच वर्षाअखेर त्याच वेस्ट इंडीजविरुद्ध घरच्या मैदानांवर ३ कसोटी, ६ डाव, मिळून १ धाव. वगळलं गेलं. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये लाहोरला नाबाद १०१. सहा डावांत एक धाव झाल्यावर कोणतीही समिती त्याला काढेल, मीही काढला असता. परत घ्यायला वेळ लावला नाही, हे त्यातलं शहाणपण.

वगळलेल्याच्या एका डावावरही निकाल देऊ नका. जानेवारी २०२५ च्या शेवटी कोहली दिल्लीकडून रणजी सामना खेळायला उतरला, स्टेडियम भरलं, आणि तो ६ वर त्रिफळाचीत झाला. त्यावरून लेखच्या लेख आले. त्यातून कळण्यासारखं फार थोडं होतं.

त्याला सांगायचं कसं

संघाची यादी ग्रुपवर टाकायच्या आधी समोर बसून सांगा. कर्णधाराने किंवा निवड समितीतल्या एकाने, दोघं-तिघं मिळून नको, ती पंचायत वाटते. "तुला विश्रांती देतोय" म्हणू नका. त्याला कळतं आणि त्यानंतर तो तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. पान पुढे ठेवा. आमच्या सलामीवीराला कर्णधाराने सांगितलं, "हे बघ, चार वेळा सारखाच. पुढचे पाच सामने दुसऱ्या संघात सलामीलाच खेळ. धावांचं मला सांगू नकोस, पायचीत किती वेळा झालास ते ह्या मॅडम मोजतील." तो माझ्यावर महिनाभर रागावला होता. रागावू द्यावं. पण त्याला नेमकं काय करून परत यायचं ते माहीत होतं, आणि "दोन चांगल्या खेळ्या कर, मग बघू" या वाक्याने ते कधीच कळत नाही.

परत आल्यावर त्याला त्याच क्रमांकावर खेळवा आणि तेव्हाही किती डाव मिळतील ते सांगा. जुनं पान टाकू नका, त्याखालीच पुढे लिहा. गोल आणि रेघा कमी झाल्या का, ते त्याच पानावर दिसतं.

हे सगळं मोठ्यांच्या संघासाठी. सोळा वर्षांखालच्या मुलांना यातलं काहीच लावू नका. त्यांची उंची एका मोसमात चार बोटं वाढते, बॅट अचानक हलकी वाटायला लागते, पाय भलतीकडे पडतात, आणि आपण त्याला फॉर्म म्हणतो. तिथे पान जरूर ठेवा, पण ते प्रशिक्षकाकडे राहू द्या, निवडीच्या टेबलावर आणू नका.